हा आरसा कुठून आणला?

३ मार्च, मंगळवार

डॉक्टर ब्रीगलेबनी सांगितलं म्हणून ही वही. "फ्राउ व्हेसेल्स, आठवणीवर विसंबू नका. वडिलांचं जे वेगळं वाटेल ते तारीख घालून लिहा आणि मे महिन्यात त्यांना घेऊन या." लिहिते. लोकांच्या लग्नांच्या नोंदी करण्यात माझी हयात गेली, तेव्हा नोंदी मला जमतात.

पपा मे महिन्यात ऐंशीचा होईल. रेल्वेत सिग्नलमन होता. आई गेल्यापासून कालव्याकाठच्या घरात एकटाच राहतो. जेवतो, बागेत खुरपतो, शुक्रवारी फोक्कोकडे पत्ते खेळायला जातो. आत्तापर्यंत काळजीचं काही नव्हतं.

आता आहे. आमच्या गावचा राजवाडा दाखवतात ती फेरी त्याने फेब्रुवारीपासून इतक्या वेळा केली आहे की तिकीट खिडकीवरची मुलगी त्याला नावाने हाक मारते. राजवाडा त्याला नवा नाही. युद्धानंतर इथे शाळा होती, तिथे तो पाढे शिकला. पुढे तळघरात नाच व्हायचे, तिथे त्याला आई भेटली. आता डाव्या अंगाला वाचनालय आहे, तबेल्यावर संगीतशाळा, जुन्या मुदपाकखान्यात कॉफीचं दुकान. जानेवारीत नगरपालिकेच्या इमारतीला बुरशी लागली आणि आमची विवाहनोंदणीची कचेरीही इथे पहिल्या मजल्यावर आली. पपा यायला लागला तेव्हा मला वाटलं, मला भेटायला येतो. पण तो माझ्या खोलीपर्यंत कधी येत नाही.

परवा विचारलं, "पपा, तीच फेरी परत परत कशाला?"

"मागच्या वेळचं नीटसं लक्षात नाही राहिलं," म्हणाला.

आईची सुरुवात अशीच झाली होती. एका सकाळी तिने विचारलं, कचऱ्याची गाडी कधी येणार? थोड्या वेळाने परत तेच. आम्ही दोघं हसलो होतो.

७ मार्च, शनिवार

राजवाड्यातल्या आरसेमहालात आज तीन लग्नं. तिथली लाकडी जमीन अडीचशे वर्षांची, म्हणून प्रत्येकाने बुटांवरून नमद्याच्या जाड सपाता चढवायच्या, नवरीनेसुद्धा. दुसरी नवरी सपाता बघून रडायलाच लागली. "फोटोत मी बदकासारखी दिसेन!" मी म्हटलं, "फोटो कमरेच्या वर काढा, आणि नवरा घसरला तर हात धरा, आयुष्यभर तेच करायचंय." सासू हसली, नवरी नाही. चूक माझीच असावी.

दुपारी खाली एकच गलका. राजवाड्याच्या पायऱ्यांवर फार्मसीवाल्यांचा थोरला झाडू मारत होता. तिशी गाठली आणि लग्न नाही, मग आमच्याकडे सुटका नसते. एरवी हे नगरपालिकेच्या पायऱ्यांवर होतं, पण ती बंद. मित्र बाटल्यांची बुचं उधळत होते, तो गोळा करत होता, आणि कोणी कुमारिका येऊन मुका देईल याची सगळे वाट बघत होते. शेवटी संगीतशाळेतली बासरीची शिक्षिका आली आणि त्याला सोडवून गेली. राजवाड्याचे व्यवस्थापक माझ्या खिडकीत उभे राहून म्हणाले, "या पायऱ्या वालुकाश्माच्या आहेत हो!" पण खाली जायचं धाडस त्यांनाही झालं नाही.

गर्दीत पपा होता. डोळे पुसत हसत होता. मला बघून ओरडला, "आल्मुट, ऐंशीव्या वर्षी झाडायला लावलं तर पाठ मोडेल, नाही का?"

नोंद: असंबद्ध बोलणं.

१२ मार्च, गुरुवार

आज मीच फेरीला गेले. पपाला कळू नये म्हणून ब्रेमेनहून आलेल्या पेन्शनरांच्या घोळक्यात मागे राहिले. इथे रोज कामाला येते, पण फेरी कधी केली नव्हती.

फेरी फ्राउ ओल्टमान्स घेतात. थेडा ओल्टमान्स. समुद्रकिनाऱ्याकडच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर इथे बहिणीजवळ आल्या. उंच, पांढरे आखूड केस, आवाज असा की शेवटच्या बाकावरचाही सरळ बसेल. पपा सगळ्यात पुढे, इस्त्रीच्या शर्टात.

आरसेमहालात पोचल्यावर त्याने हात वर केला. "हा आरसा कुठून आणला?"

"फार चांगला प्रश्न!" त्या म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. आरसा व्हेनिसहून बैलगाडीने निघाला, आल्प्स ओलांडताना अर्धा फुटला. ड्यूकने उरलेल्या अर्ध्याच्या मापाने भिंत बांधून घेतली, म्हणून हा महाल एका बाजूला बुटका आहे. पपा तोंड उघडं टाकून ऐकत होता. खरं तर ही गोष्ट त्यानेच मला गेल्या महिन्यात सांगितली होती, बैलांसकट.

फेरी संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "माफ करा, माझे वडील तेच तेच विचारतात. तुम्हाला त्रास होत असेल."

त्या लाल झाल्या. बहुधा कोणी त्यांच्या कामाची दखल घेत नसावं. "त्रास? छे हो. ज्या दिवशी विचारत नाहीत त्या दिवशी मला चुकल्यासारखं होतं."

किती मोठ्या मनाची बाई! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. परत आल्यावर स्वांत्येला सांगितलं. स्वांत्ये माझी सहकारी, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान आणि तोंडाने पुष्कळ मोठी. ती टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "तू रोज लग्नं लावतेस ना, त्याचं हसू आलं."

हल्लीच्या मुलांना दुसऱ्याच्या दुखण्याचं काही वाटत नाही.

१९ मार्च, गुरुवार

पपाला बाजारात पाहिलं. टाय! आईच्या दफनाला बांधला होता तोच, निळा. "कुठे निघालास?" तर म्हणे दातांच्या डॉक्टरकडे. संध्याकाळी आठवलं, त्याचे वरचे दात कधीच पडून गेले आणि खालच्यांचे डॉक्टर गुरुवारी बसत नाहीत. एक तर त्याला वार कळत नाही, नाहीतर तो खोटं बोलतो. खोटं तो कधी बोलत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आज फार वाईट. कचेरी सुटल्यावर त्याच्याकडे गेले, तर ओसरीत नमद्याच्या सपाता. राजवाड्यातून तो त्या पायात तशाच घालून चालत आला, अख्ख्या गावातून! मी विचारलं तर पायांकडे बघून म्हणतो, "अरेच्चा! म्हणूनच आज पाय इतके हलके वाटत होते."

चुलीशी त्याने चहा केलेला. जन्मभर कॉफी पिणारा माणूस! कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला, कडेने चमचाभर साय सोडली आणि तसाच प्यायला. ढवळायचंही विसरला. मी ढवळायला चमचा घातला तर माझा हात धरला आणि म्हणाला, "असू दे, असू दे. खाली गोड असतं, तिथपर्यंत आपोआप पोचतो."

मोरीत दोन कप होते. एकच माणूस, दोन कप. आईसाठी ओतत असेल का? घरी येऊन बराच वेळ दिवाही लावला नाही.

५ एप्रिल, रविवार, ईस्टर

कोकराचं मांस, बटाटे, रंगवलेली अंडी, सगळं रीतसर. पपा आनंदात होता. मला वाटलं, आज बोलावं. कालव्यापलीकडे नवं वृद्धनिवास झालंय, मी तिथे त्याचं नाव यादीत घातलंय हे सांगितलं. "रात्रंदिवस नर्स, पपा. जेवण हातात. आणि मला झोप लागेल."

त्याने अंड्याचं कवच सोलून पूर्ण केलं, मग म्हणाला, "माझं घर आहे की."

"आईच्या वेळी आपण फार उशीर केला."

त्याने दुसरं अंडं सोलायला घेतलं. मी कोट घ्यायला ओसरीत गेले आणि पाहिलं तर आईचा तपकिरी कोट खुंटीवर नव्हता. चार वर्षं तो तिथेच होता. मी कधी हलवू दिला नाही, येता-जाता बाहीला हात लावायचे.

"पपा, आईचा कोट?"

"रेड क्रॉसला दिला. कोणाच्यातरी अंगावर असेल, थंडी आहे अजून."

त्याला कोट कोणाचा ते आठवत असतं तर त्याने दिला असता का? मला राग आला, रडू आलं, आणि त्याच्यासमोर यातलं काहीच दाखवलं नाही. मी वाईट मुलगी आहे का? निदान प्रयत्न करणारी आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

वृद्धनिवासातून फोन. खोली रिकामी झाली आहे, खिडकीतून राजवाड्याचं तळं दिसतं. पंधरा मेपर्यंत पपाची सही हवी, नाहीतर खोली पुढच्याला. मी जाऊन पाहिली. स्वच्छ, गरम, भिंतींचा रंग सायीसारखा. खाट एकाच माणसाची. तिथे उभी राहिले तेव्हा वाटलं, पपाच्या बागेतला आंबट देठांच्या रेवाचिनीचा वाफा यात कुठे मावणार? मग मनाला दटावलं, माणूस महत्त्वाचा की रेवाचिनी?

स्वांत्ये म्हणते, "आधी त्याच्याशी बोल ना, आल्मुट. नीट बोल."

"बोलले की."

"सांगितलंस. विचारलंस कुठे?"

तिच्या तोंडी लागणं मी सोडून दिलंय.

२९ एप्रिल, बुधवार

फोक्को कचेरीत आला. पपाचा पत्त्यांमधला भिडू, तोही रेल्वेतला, बोलतो इंजिनाच्या शिट्टीसारखा. व्यवस्थापकांकडून कसलीतरी परवानगी हवी होती, नऊ मेच्या दुपारची. वाढदिवसाचं काही असेल. मी त्याला विचारलं, "फोक्को, पत्ते खेळताना पपाचं लक्ष असतं का?"

"काडीचं नाही! महिना झाला, हुकूम हातात धरून खिडकीबाहेर बघत बसतो. म्हातारचळ लागलाय तुझ्या बापाला!" आणि मांडीवर थाप मारून गेला.

मित्रांच्याही लक्षात आलं म्हणजे आता शंका उरली नाही.

९ मे, शनिवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

पपाचा ऐंशीवा वाढदिवस. संध्याकाळी माझ्याकडे जेवण ठरलेलं. वृद्धनिवासाचा कागद पर्समध्ये होता, केक कापून झाला की सही घ्यायची असं मी ठरवलं होतं. दुपारचं शेवटचं लग्न लावून मी सपाता काढत होते, तेवढ्यात खाली बुचांचा खळखळाट. परत कोणाची तिशी आली वाटतं, म्हणून खिडकीत गेले.

पायऱ्यांवर पपा. काळा सूट, डोक्यावर कागदाची उंच टोपी, हातात झाडू. ऐंशी वर्षांचा माझा बाप राजवाड्याच्या पायऱ्या झाडत होता, आणि फोक्को आणि पत्त्यांचा अख्खा अड्डा पिशव्या भरभरून बुचं ओतत होता. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, वऱ्हाड, वाचनालयातली माणसं, सगळे टाळ्या वाजवत होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वेड लागलेल्या म्हाताऱ्याचा तमाशा! जिना धावत उतरले. "फोक्को, लाज नाही वाटत? तो आजारी आहे!"

"आजारी?" फोक्को म्हणाला. "बायको नाही तो झाडणार, हा नियम. त्यात वयाची वरची अट कुठे लिहिलीय? मागच्या वेळी तिशीला हा सटकला होता, तेव्हा तुझ्या आईशी लग्न झालेलं होतं. आता सापडलाय!"

मी पपाचा दंड धरला. "चल घरी."

"थांब ना जरा," तो दम खात म्हणाला. "अजून सुटका व्हायचीय माझी." आणि त्याने वर, मोठ्या दाराकडे पाहिलं. त्याचे डोळे पूर्ण शुद्धीत होते. असा शुद्धीतला माणूस मी फार दिवसांत बघितला नव्हता.

दारातून फ्राउ ओल्टमान्स बाहेर आल्या. पायांत नमद्याच्या सपाता तशाच. एकेक पायरी जपून उतरल्या. 

"कुमारिका लागते!" फोक्को ओरडला. "नियम म्हणजे नियम!"

"अहो फोक्को," त्या वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "माझं लग्न कधी झालेलं नाही. बाकीची चौकशी करायची तर तुम्ही पन्नास वर्षं उशिरा आलात."

आणि त्यांनी पपाची कागदी टोपी सरळ केली आणि त्याचा मुका घेतला. गालावर नाही.

केवढा आरडाओरडा झाला! स्वांत्ये खिडकीतून शिट्ट्या घालत होती. मी पायरीवर बसले. बुचांवरच बसले, नंतर कळलं. फेरी, टाय, दोन कप, न ढवळलेला चहा, सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं. किनाऱ्याकडचे लोक चहा तसाच पितात, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. सुतावरून स्वर्ग गाठायला निघाले होते आणि सूत कोणाचं ते बघितलंच नव्हतं.

केक तिघांनी खाल्ला. कागद पर्समध्येच राहिला.

१० मे, रविवार

सकाळी पपाकडे गेले. एकटा होता. वाफ्यातली रेवाचिनी तोडत होता, मीही पानं काढायला बसले. म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तू तपासत होतीस."

लागलं मला ते. खरं होतं म्हणून जास्त.

मग तो म्हणाला, "आणि भीतीही वाटली. तू त्या कोटाच्या बाहीला हात लावून जायचीस ना, मी बघायचो. म्हटलं, हिला सांगितलं तर हिची आई परत एकदा जाईल. म्हणून कोट आधी दिला. चुकलं माझं, तुला विचारायला हवं होतं."

मी रडले. त्याने मातीच्या हातांनीच माझं डोकं धरलं.

"पण पपा, तोच प्रश्न? दर वेळी? मला काय वाटलं असेल?"

त्याने तोडलेली देठं सारखी केली. "पहिल्या फेरीला मी सहज विचारलं, हा आरसा कुठून आणला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा खरंच विसरून परत विचारलं. लोक हसले. ती हसली नाही. पहिल्यांदाच कोणी विचारावं तसं तिने सगळं सांगितलं, बैलांसकट." मग म्हणाला, "आल्मुट, शेवटची तीन वर्षं तुझी आई दिवसातून चाळीसदा विचारायची, कचऱ्याची गाडी कधी येणार. मी दर वेळी नव्याने सांगायचो. कंटाळलो नाही असं नाही, पण तिला कधी कळू दिलं नाही. मला वाटलं, कधी मी तसा झालोच, तर मला असं उत्तर देणारं माणूस हवं."

म्हणजे भीती त्यालाही होती. माझ्याहून जास्त होती, आणि मी त्याला त्यावर एका माणसाची खाट देऊ करत होते.

१३ मे, बुधवार

वृद्धनिवासाला नकार कळवला. डॉक्टर ब्रीगलेबकडे दोघं गेलो. पपाने घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, काट्यांसकट, आणि खाली रेल्वेची वेळही लिहिली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. मग वही चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि माझाच रक्तदाब घेतला.

पुढे काय होईल ते कोणी सांगू शकत नाही, असंही ते म्हणाले. पपाला, फ्राउ ओल्टमान्सना आणि मला, तिघांनाही ते माहीत आहे.

२१ मे, गुरुवार

पपा आणि फ्राउ ओल्टमान्स कचेरीत आले, रांगेत उभे राहून, सगळ्यांसारखे. विधुराच्या लग्नाला पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यूच्या नोंदीही आमच्याकडेच, तो मीच काढून दिला. आईचं नाव, तारीख, खाली माझ्याच कचेरीचा शिक्का. फ्राउ ओल्टमान्सनी दाखला हातात घेऊन नीट वाचला, घाई न करता, आणि म्हणाल्या, "रेनाटे. सुंदर नाव आहे. त्यांना काय आवडायचं?"

मी म्हटलं, "नाचायला. इथेच, खाली तळघरात." मागे रांग ताटकळत होती, तरी मी बरंच सांगितलं.

२० जून, शनिवार

आरसेमहाल. लग्न मी लावलं. सगळ्यांच्या पायांत सपाता, फोक्को दोनदा घसरला. नवरीने विनंती करून फोटो पायांसकट काढायला लावले.

पपा "हो" म्हणाला ते माझा प्रश्न संपायच्या आत, परत विचारावा लागला. थेडा सावकाश म्हणाली, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत. (थेडा म्हणायचं असं ठरलंय.) सह्या झाल्या. लोक खालच्या शॅम्पेनसाठी उठायला लागले, तेवढ्यात पपाने हात वर केला.

"एक विचारायचं होतं. हा आरसा कुठून आणला?"

महालभर हसू फुटलं. थेडा हसली नाही. "फार चांगला प्रश्न!" म्हणाली आणि व्हेनिसपासून सुरुवात केली. बैल आले, आल्प्स आले, आरसा अर्धा फुटला. हळूहळू सगळे पुन्हा खाली बसले.

मीही बसले, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.